पाऊण टाकीचा धडा

आमची सेकंडहँड गाडी दहा वर्षांची झाली, तेव्हा सीओईची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली. रोड टॅक्सवर अधिभार आलाच, शिवाय गाडी पेट्रोलही जास्त पिऊ लागली. जोहोरला स्वस्तात भरावं, तर इथली टाकी पाऊण भरलेली असल्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही; नियम १९९१चा!

मग बचत घरातच शोधली. टायर थंड असताना, दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरली. डिकीतून क्रिकेटचं किट, सतरंज्या उतरवल्या. लाल सिग्नल दुरून दिसताच अॅक्सिलरेटरवरून पाय काढू लागलो. शाळेबाहेर इंजिन चालू ठेवणं बंद. इथे तो गुन्हाच आहे.

आता टाकी दोन दिवस जास्त पुरते. ही मुदत पुन्हा वाढत नाही. गाडी जाईल, सवयी राहतील.