शाळेचा मोठा नामफलक : वजनापेक्षा वाऱ्याचा विचार करा



लोकवर्गणीतून शाळेला नवा फलक करायचा ठरला की चर्चा रंगाची आणि अक्षरांची होते. तो भिंतीवर टिकणार कसा, हे मात्र कारागिरावर सोपवतो. फलकाखालून रोज मुले जातात, म्हणून हा भाग आपल्यालाही समजायला हवा.

1) अक्षर केवढे?
ढोबळ नियम असा : दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचे अक्षर. रस्ता 80 फुटांवर असेल तर नावाचे अक्षर 8 इंच. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, त्यासाठी ओळीला वर-खाली जागा सोडा. शाळेचे नाव मोठे. केंद्र, तालुका, यू-डायस क्रमांक लहान चालतात.

2) खरा जोर कुणाचा?
समजा फलक 10 बाय 4 फूट, म्हणजे सुमारे 3.7 चौ.मी. चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम आणि वर एसीपी शीट धरली तर वजन साधारण 40 किलो. आता वारा बघू. वाऱ्याचा दाब = 0.6 × वेग × वेग (वेग मीटर प्रति सेकंद, दाब न्यूटन प्रति चौ.मी.). ताशी 50 किमी वाऱ्यात या फलकावर सुमारे 44 किलोचा जोर येतो. ताशी 100 किमी झाला की दुप्पट नाही, चौपट : सुमारे 175 किलो!

वारा समोरून दाबतो तेव्हा भिंत आधार देते. पण कडेवरून वळताना किंवा मागच्या फटीत शिरला की तो फलक बाहेर ओढतो. ती ओढ फक्त बोल्ट सोसतात.

13 मे 2024 ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, होर्डिंग 120 बाय 120 चे. बाजू तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. म्हणजे वाऱ्याचा जोरही नऊपट. ते खांबांवर उभे होते, पण गणित तेच.

3) बसवताना काय पाहाल?
- बोल्ट नुसत्या गिलाव्यात नको. शक्यतो आरसीसी बीममध्ये अँकर फास्टनर मारा. आठ बोल्ट असतील तर 175 किलोत प्रत्येकी साधारण 22 किलो येतात, कोपऱ्यांवर जास्त.
- भिंत जुनी, मातीच्या जोडणीची असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय छिद्र पाडू नका.
- खालून अँगलचा आधार द्या, म्हणजे वजन अँगलवर जाते.
- फ्रेमला आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. वेल्डिंगचे सांधे विसरू नका, गंज तिथूनच धरतो.
- मागे अर्धा इंच फट ठेवा, पाणी उतरते.
- काम सुट्टीच्या दिवशी, परातीवर उभे राहून, विजेच्या तारांपासून लांब करा.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बोल्ट आणि गंज तपासा.

वर्गात करून पाहा : मुलाला हातात पुठ्ठा धरून पंख्यासमोर उभे करा. आधी पुठ्ठा आडवा, मग उभा. क्षेत्रफळ म्हणजे काय, ते हातालाच कळते.

आणि भिंतीचा भरवसा नसेल, तर सरळ भिंतीवरच नाव रंगवून घ्या. रंगवलेले नाव कुणाच्या डोक्यावर पडत नाही.