वऱ्हाडातील बांधकामात नैसर्गिक व कृत्रिम दगड

खाणीतून काढून केवळ कापून, घडवून वा घासून वापरल्या जाणाऱ्या खडकास नैसर्गिक दगड म्हणतात. दगडाचा चुरा, वाळू किंवा माती यांपासून सिमेंट, राळ वा भट्टीतील उष्णता यांच्या साहाय्याने तयार केलेले साहित्य म्हणजे कृत्रिम दगड. अमरावती व अकोला जिल्ह्यांत फरशी, ओटा व दर्शनी भिंतींसाठी दोन्ही वापरले जातात.

नैसर्गिक दगड

या प्रदेशाचा मूळ खडक मुख्यतः सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा पाषाण (बेसाल्ट) आहे. तो टणक असला तरी त्याचे पातळ, सपाट थर सुटत नाहीत. त्यामुळे तो पाया, चिरेबंदी भिंती व खडीसाठी उपयोगी पडतो; फरशीसाठी मात्र कर्नाटकातील शहाबाद व आंध्र प्रदेशातील कडप्पा येथील थरयुक्त चुनखडक आणला जातो. नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा (१४८७) कोरीवकामास सोयीच्या वालुकाश्मात बांधलेला आहे.

कृत्रिम दगड

भाजलेली वीट हे याचे जुने भावंड होय. १७५७ मध्ये पूर्ण झालेला बाळापूरचा किल्ला विटांचा आहे. आधुनिक प्रकारांत मोझॅक फरशी, व्हिट्रिफाइड टाइल आणि राळेने सांधलेला क्वार्ट्झ यांचा समावेश होतो.

तुलना

चुनखडकावर लिंबू वा चिंचेच्या आम्लाचे डाग पडतात. ग्रॅनाइट व व्हिट्रिफाइड टाइलवर सहसा पडत नाहीत. राळयुक्त क्वार्ट्झ प्रखर उन्हात पिवळा पडू शकतो व तापलेल्या भांड्याने खराब होतो. त्यामुळे वऱ्हाडातील उन्हाळ्यात तो अंगणात वा गच्चीवर योग्य ठरत नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमिनीतील क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात आणि सच्छिद्र दगड, वीट व सिमेंट यांचा पृष्ठभाग पोखरतात. टाइल स्वतः पाणी शोषत नसली, तरी तिच्या सांध्यांतून क्षार बाहेर येतात. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. पाया हलल्यास कोणतीही फरशी तडकते. म्हणून येथे फरशीच्या निवडीइतकेच ओलावारोधक थर व भक्कम भराव यांना महत्त्व आहे.

आरोग्य

राळयुक्त क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत वा त्याहून अधिक असते. कोरड्या कापणीतील सूक्ष्म धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसांचा रोग होतो. यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असल्याने कोणताही दगड कापताना पाण्याचा वापर व योग्य मुखपट्टी आवश्यक असते.