माइकसमोर बसणाऱ्याचा कायदा

भोपाळच्या इंद्रपुरीला ‘भेल’ कारखान्याची वसाहत लागून आहे आणि जवळच रायसेन रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. त्यामुळे इथे भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं पुष्कळ, तशीच नोकरीसाठी येऊन कायमची इथली झालेली कुटुंबंही. त्यांत मराठी घरं आहेतच. आता या सगळ्यांच्या हाती मोबाइल आणि स्वस्तातला माइक आला आहे. कोणी कोचिंग क्लासचा कच्चा चिठ्ठा मांडतं, कोणी वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारांवर व्हिडिओ करतं, कोणी मराठी कथा वाचून ऐकवतं. कायद्याविषयी मात्र त्यांच्यात जे बोललं जातं ते बहुतेक ऐकीव, आणि तेही दोन टोकांचं. ‘आपलं एवढंसं चॅनेल, आपल्याला कोण विचारतंय’ हे एक टोक. ‘काही बोललं की उचलून नेतात’ हे दुसरं. पहिल्यापायी माणसं नाहक अडकतात. दुसऱ्यापायी ज्यांनी बोलायला हवं तीच माणसं गप्प बसतात, आणि मला हे नुकसान जास्त मोठं वाटतं.

सुरुवात हक्कापासून करू. ‘बोलण्याचं स्वातंत्र्य पत्रकारांना, आपण साधी माणसं’ हा समज सरसकट चुकीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख नाही. तो असावा अशी मागणी संविधान सभेत झाली होती. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिलं, त्याचा आशय असा: संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच, नागरिकाला नाही असा कुठलाही खास हक्क वृत्तपत्राला नाही, म्हणून वेगळ्या तरतुदीची गरज नाही. इंद्रपुरीतल्या पोरीच्या पॉडकास्टला आणि दिल्लीतल्या दैनिकाला संविधानाचं छप्पर एकच आहे. त्या छपराच्या मर्यादाही दोघांना सारख्याच.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. यूट्यूब चॅनेलला ‘प्रेस’चं कार्ड मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, पण तो छापील नियतकालिकांचा आहे. त्याखाली चॅनेलची नोंदणी होत नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार, बातम्या आणि चालू घडामोडींचं काम व्यवसाय म्हणून पद्धतशीर करणाऱ्याने केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपला तपशील कळवायचा असतो. तो परवाना नव्हे. याच नियमांतल्या आचारसंहितेची सक्ती करणाऱ्या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. तिथे दाद मागणाऱ्यांत एक मराठी पत्रकार होते, निखिल वागळे. पुढे सरकारविषयीची माहिती खोटी की खरी हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवण्याची तरतूद आली. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली.

‘पोस्ट टाकली की अटक’ ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या आणि त्या आवडल्याचं दाखवणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. त्या प्रकरणातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान दिलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. तरीही पोलिस ठाण्यांतून ते वापरलं जात राहिलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आज कोणी ६६-अ चा धाक घातला तर न घाबरता हा निकाल पुढे करावा. पण ‘६६-अ गेलं, आता काहीही लिहा’ असा उलटा अर्थही कोणी काढू नये. अश्लील मजकुराचं कलम ६७ आहे, समाजगटांत तेढ पसरवण्याबद्दलची भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत, आणि बदनामीचं कलम तर आहेच.

बदनामीबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. ‘खरं आहे ना, मग कशाची भीती?’ हा त्यातला सर्वांत भोळा. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारी खटल्यात मात्र गोष्ट खरी असून भागत नाही, ती सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. क्लासने फी घेऊन शिक्षकच दिले नाहीत हे पावत्यांसह मांडलं, तर त्यात लोकहित उघड आहे. त्या क्लासच्या मालकाच्या घरातलं भांडण अगदी खरं असलं, तरी ते चव्हाट्यावर आणण्यात लोकहित कुठलं?

‘नाव घेतलं नाही’ हीसुद्धा ढाल होत नाही. ‘अमुक चौकातला एकमेव दातांचा दवाखाना’ म्हटलं की ऐकणाऱ्याला माणूस कळतो, आणि कायद्याला तेवढं पुरतं. ‘म्हणे’, ‘कथित’, ‘सूत्रांनुसार’ हे शब्द पेरल्याने आरोपाची जबाबदारी दुसऱ्यावर जात नाही. दुसऱ्याची बदनामी पुन्हा सांगणाराही उत्तरदायी असतो. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांविषयीच्या अपमानास्पद पोस्टच्या प्रकरणात करून पाहिला. मद्रास उच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. गेलेल्या माणसाबद्दल काहीही बोलता येतं, हाही गैरसमजच. त्याच्या घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप फौजदारी कायद्यात बदनामी ठरू शकतो.

याची दुसरी बाजू तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला शिक्षा आहे ती जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. त्यासाठी पोलिस दारात येऊन वॉरंटशिवाय उचलून नेत नाहीत. तक्रारदाराला स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या प्रक्रियेत तर तक्रारीची दखल घेण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं ऐकून घेणं दंडाधिकाऱ्याला बंधनकारक आहे. शिवाय कलमाला दहा अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामावर प्रामाणिकपणे मत देणं, पुस्तक किंवा नाट्यप्रयोग वाईट आहे असं म्हणणं हे त्यांत बसतं. ‘गायिकेने नाट्यपद बिघडवलं’ हे मत झालं. ‘तिने पैसे देऊन पुरस्कार घेतला’ हा वस्तुस्थितीचा आरोप झाला, आणि त्याला पुरावा हवा. आपलं वाक्य या दोहोंपैकी कुठे बसतं, हे रेकॉर्डिंगआधी स्वतःला विचारण्याची सवय एकदा लागली की निम्मी धास्ती जाते.

आता मराठी पॉडकास्टवाल्यांचा सगळ्यांत जिव्हाळ्याचा विषय: दुसऱ्याचं लेखन वाचणं. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी ऐकू यावं म्हणून पु. ल. देशपांडे वाचून ऐकवणारी माणसं किती मायेने ते करतात हे मी जाणते. म्हणूनच हे त्यांनी नीट समजून घ्यायला हवं. ‘लेखकाचं नाव दिलं की झालं’ असं नाही. श्रेय देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही आकडा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. समीक्षा, टीका, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त उपयोग करता येतो. रास्त किती, हे कशासाठी घेतलं, किती घेतलं आणि त्याने मूळ कृतीच्या विक्रीला धक्का बसतो का, यावरून ठरतं. आणि ‘मी तर हिंदीत सांगितलं’ हे इंद्रपुरीत हमखास ऐकू येणारं उत्तरही उपयोगाचं नाही, कारण भाषांतराचा आणि रूपांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच.

मग लोक विचारतात, गणपतीत मंडपात पुलंचं कथाकथन वर्षानुवर्षं होतं, ते कसं? त्याचं उत्तर कायद्यातच आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग कॉपीराइटचा भंग मानला जात नाही. पुस्तकातले वाजवी उतारे जाहीरपणे वाचायलाही मुभा आहे. पण अख्खी कथा ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवली की तिची प्रत तयार झाली आणि ती जगभर पोचली. मंडपाची सूट तिथे लागू होत नाही. व्याख्यानमालेचंही तसंच. जाहीर भाषणावर पहिला हक्क वक्त्याचा असतो. त्याचा वृत्तांत खुशाल लिहा, पण संपूर्ण व्याख्यान चॅनेलवर टाकायचं तर वक्त्याची संमती लेखी घ्या.

परवानगीशिवाय वाचता येण्याजोगा खजिनाही मोठा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत परवानगी हवी. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९. साने गुरुजी मात्र १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी मोकळी आहे. टिळकांचं ‘गीतारहस्य’ मोकळं आहे, आणि त्याचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे १९२६ साली गेले, म्हणून तो अनुवादही. हे तेच मराठीभाषक सप्रे, ज्यांना नागपूरच्या ‘हिंदी केसरी’तल्या लेखांसाठी १९०८ मध्ये अटक झाली होती आणि ज्यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय १९८४ पासून भोपाळमध्ये आहे. भोपाळच्या मराठी मुलांनी टिळक आणि सप्रे शेजारी शेजारी ठेवून एक मालिका करावी, असं मला मनापासून वाटतं. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा उचलू नयेत, त्या नव्या संपादकाच्या. तसंच, अभंग तुकोबांचा असला तरी भीमसेन जोशींच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण प्रकाशनापासून ६० वर्षं सुरक्षित असतं, आणि चाल संगीतकाराची असते.

एका बाबतीत सूट जवळजवळ नाहीच. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव न घेता गाव, शाळा, वडिलांचं दुकान सांगितलं तरी तो होतो. न्याय मागण्याच्या कळकळीने फोटो पसरवणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं, आणि बळी अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायदाही.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस ‘माझं वैयक्तिक मत’ म्हणून खपत नाही. ती जाहिरात आहे हे ठळक सांगावं लागतं. दिशाभूल झाली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. ‘जबाबदारी यूट्यूबची’ हेही मनातून काढावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण मजकूर वाहून नेणाऱ्या कंपनीला आहे, मजकूर तयार करणाऱ्याला नाही.

शेवटी नोटिशीबद्दल. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. ते एका पक्षाचं पत्र असतं. पण ती फाडून टाकायची नाही आणि घाबरून व्हिडिओ उडवायचाही नाही. उडवल्याने झालेली प्रसिद्धी पुसली जात नाही, आणि आपली बाजू मांडायचा पुरावा मात्र विखुरतो. मूळ रेकॉर्डिंग, पावत्या, संमतीचे संदेश, तारखा हे सगळं जपून ठेवावं आणि वकिलाला दाखवावं. मजकूर चुकला असेल तर दुरुस्ती ठळकपणे करावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला की पुढची वाट सांगतात.