क्षयजंतूंची प्रथिने, दुसऱ्या जिवाणूच्या पेशीत

क्षयरोगाचा संसर्ग झाला आहे काय, हे पाहण्यासाठी हातावर ट्युबरक्युलिन टोचण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. दोन-तीन दिवसांनी त्या जागी किती कठीण गाठ आली ते मोजायचे आणि निष्कर्ष काढायचा. अडचण अशी, की ट्युबरक्युलिन हे क्षयजंतूंच्या अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्यांतील बरीच प्रथिने बीसीजी लशीच्या जंतूंतही असतात. साहजिकच, लस घेतलेल्या निरोगी माणसाच्या हातावरही गाठ येऊ शकते. नवजात बालकांना सरसकट बीसीजी देणाऱ्या भारतात ही उणीव क्षुल्लक नव्हे.

यातून वाट निघाली ती जनुकांच्या अभ्यासामुळे. लशीचा जंतू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवला जात असताना त्याच्या जनुकसंचातील 'आरडी-१' हा भाग गळून पडला. 'ईसॅट-६' व 'सीएफपी-१०' या दोन प्रथिनांची जनुके नेमकी याच भागात असतात. म्हणजे ही प्रथिने क्षयजंतूत आहेत, बीसीजीत नाहीत.

ती मिळवायची कशी? क्षयजंतू हवेतून पसरतो, त्यामुळे त्याला वाढवण्यासाठी खास सुरक्षित प्रयोगशाळा लागते. शिवाय एकाचे दोन व्हायला तो सुमारे २० तास घेतो. ई. कोलाय हा जिवाणू तेच काम अनुकूल स्थितीत २० मिनिटांत करतो. म्हणून संशोधक हवे ते जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यात बसवून ई. कोलायमध्ये सोडतात. जनुकाला सहा हिस्टिडिनांची 'शेपटी' जोडलेली असते. पेशी फोडून आलेला रस निकेलयुक्त नळीतून जाऊ दिला, की शेपटीवाले प्रथिन निकेलला चिकटून राहते आणि बाकीचे बरेचसे वाहून जाते.

बरेचसे, सगळे नव्हे. खरी मेख येथेच आहे. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन हा पदार्थ प्रथिनासोबत अंशमात्र जरी राहिला, तरी रक्तातील पांढऱ्या पेशी खवळतात. मग पेशींनी दिलेला प्रतिसाद प्रथिनाचा की या अनाहूत पाहुण्याचा? बाटलीवर 'शुद्ध' अशी चिठ्ठी असल्याने हा प्रश्न सुटत नाही. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक एंडोटॉक्सिन मोजतात, तसेच प्रथिन पचवणारे विकर घालून प्रयोग पुन्हा करतात. प्रथिन नष्ट झाल्यावरही पेशी तितक्याच खवळल्या, तर दोष कोणाचा हे उघड होते.

दुसरा उपाय म्हणजे यजमानच बदलणे. डेन्मार्कच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटने या दोन प्रथिनांवर आधारलेली त्वचाचाचणी विकसित करताना लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू निवडला. चीज करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या जिवाणूत एंडोटॉक्सिन नसतेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सायटीबी' चाचणीतही हीच दोन प्रथिने आहेत. २०२२ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा चाचण्यांची शिफारस केली.

अर्थात, ही चाचणी संसर्ग दाखवते, रोग नव्हे. जंतू शरीरात निद्रिस्त आहेत की प्रत्यक्ष क्षय जडला आहे, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी आजही थुंकीची तपासणी आणि एक्स-रे यांकडेच वळावे लागते.