परदेशी सेवेला निघताना

१९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, तसे आपल्या नागपूरचे चोळकरही होते. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले. फिजिओथेरपीच्या सेवेसाठी परदेशी निघणाऱ्या मुलींना आम्ही सीताबर्डीतल्या जणी हेच आधी सांगतो. ‘कुठे दुखतं?’, ‘पुरे’ एवढं तरी तिथल्या भाषेत शिका. रुग्ण ‘पुरे’ म्हणतोय हे कळलं नाही, तर आपल्याच हातून इजा होईल. तिथे काम करण्याची सरकारी परवानगी घ्या. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जायला पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. आणि व्यायाम घरच्यांनाही शिकवा. आपण परतलो तरी तो थांबायला नको.