पंप वाढवण्याआधी मेन बेअरिंगच्या कॅपा पाहा

सभासद बंधूंनो,

आम्ही बेणे, लागण आणि खताची माणसे. इंजिन हा काही आमचा विषय नव्हे. पण तोडलेला ऊस रस्त्यात अडकला की वजन घटते, उतारा घटतो आणि जाब शेतकी खात्याला द्यावा लागतो. म्हणून हे चार शब्द.

गेल्या हंगामात आपल्या एका वाहतूकदार सभासदाने दोन ट्रॉल्या ओढण्यासाठी ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून घेतला. महिनाभर गाडी झकास चालली. मग चढाला इंजिनाच्या पोटातून ठकठक ऐकू येऊ लागली. तिसऱ्या दिवशी क्रँक तुटला. भरल्या ट्रॉल्या दोन दिवस रस्त्यावर वाळल्या आणि घेतलेली उचल अंगावर राहिली. इंजिन उघडले तेव्हा मूळ दुखणे सापडले ते मधल्या मेन बेअरिंगच्या कॅपेत.

ही कॅप म्हणजे काय? क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांची वरची अर्धी बैठक बिडाच्या ब्लॉकमध्येच असते. खालची अर्धी म्हणजे कॅप. ती साधारणपणे दोन बोल्टांनी आवळलेली असते. चार सिलेंडरच्या डिझेल इंजिनात अशा बहुधा पाच कॅपा असतात. जळत्या डिझेलचा दाब पिस्टनवरून क्रँकवर येतो आणि क्रँकला खाली पडू न देण्याचे काम या कॅपा करतात.

हिशेब करून पाहा. सिलेंडरचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब धरला, तर प्रत्येक स्फोटाला ७,८५० किलोचा दणका बसतो. डिझेल वाढवून हा दाब एक पंचमांशाने चढला, तर दणका ९,४०० किलोंवर जातो. गव्हर्नर छेडून फेरे वाढवले तर आणखी वेगळा भार येतो. फेरे १० टक्के वाढले की फिरत्या भागांचा झोका २१ टक्के वाढतो. बोल्ट मात्र तेच, कॅपही तीच! गाडीत दुप्पट माल भरायचा आणि आस जुनाच ठेवायचा, त्यातलीच ही गत.

भार सोसला नाही की कॅप किंचित वाकते, बैठकीवर सरकते. बेअरिंगचे भोक गोल राहत नाही. तेलाचा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. कॅप काढल्यावर तिच्या बैठकीवर घासल्याचे चकचकीत डाग दिसले, तर कॅप हलत होती असे समजावे.

मजबुतीचे उपाय आहेत. बोल्टांऐवजी उच्च ताकदीचे स्टड घालतात. बिडाऐवजी पोलादी कॅपा बसवतात. दोनाऐवजी चार बोल्ट घेतात. काही इंजिनांत सगळ्या कॅपा एका जाड पट्टीने एकत्र बांधतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६३ साली शर्यतीसाठी काढलेल्या ४२७ घनइंची इंजिनात मधल्या तीन कॅपांना ब्लॉकच्या बाजूने आडवे बोल्ट दिले होते, ते कॅप सरकू नये म्हणूनच.

पण यातले काहीही केले तरी नंतर लाईन बोअरिंग तपासून घ्यावेच लागते. आवळण्याचा ताण बदलला की भोकाचा आकार बदलतो. शिवाय कॅप मजबूत झाली म्हणून ब्लॉकची भिंत मजबूत होत नाही. मग तडा तिथे जातो.

आपल्याकडच्या कामासाठी एवढे पाळावे :

१. कॅपांवरचे नंबर व दिशा बदलू नये. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात.
२. ढिलाई काढायला कॅप कानशीने घासू नये.
३. बोल्ट अंदाजाने नव्हे, तर टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या मापाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत.
४. तेलाचा दाब उतरला किंवा खालून ठोके आले तर गाडी तिथेच थांबवावी. 'ही एक खेप टाकून येतो' म्हणू नये.

आणि खरे सांगायचे तर वाहतुकीच्या ट्रॅक्टरला या मजबुतीपेक्षा पंप कंपनीच्या मापावर ठेवणे आणि ट्रॉली झेपेल तेवढीच भरणे स्वस्त पडते. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील, पण ऊस वेळेत गव्हाणीत पडला पाहिजे. हंगाम सुरू होण्यापूर्वी इंजिने तपासून घ्यावीत, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
ऊस विकास अधिकारी