पोराने जिवाला अपाय केला तर : दवाखान्यातले पहिले तास आणि त्यानंतर



बेणे प्रक्रिया, हुमणी, तणनाशके यांची माहिती आपण या पानावर नेहमी वाचता. आज त्याच औषधांविषयी लिहायचे आहे, पण पिकासाठी नव्हे. घरातल्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी.

विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या आकडेवारीप्रमाणे १५ ते २९ या वयातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. याला सहसा एकच कारण नसते. मनात बरेच दिवस काही साचलेले असते आणि परीक्षेचा निकाल किंवा घरातली बोलाचाली हे निमित्त होते. आपल्याला ते किरकोळ वाटते. पोराला त्या घटकेला डोंगराएवढे वाटते.

वेळ घालवू नका

मुलाने विषारी औषध घेतल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत :

१. ओकारी काढू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, लिंबाचा पाला काही पाजू नका. ओकारी श्वासनळीत गेली तर जिवावर बेतते.
२. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.
३. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवा. एकटे सोडू नका.
४. औषधाची बाटली किंवा वेष्टन दवाखान्यात सोबत न्या. किती वाजता घेतले तेही सांगा.

अंगावर जखम करून घेतली असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा व दवाखाना गाठा. ‘नाटक करतीया’ म्हणून झिडकारू नका. जखम लहान असली तरी आतले दुःख लहान असतेच असे नाही.

दवाखान्यात काय करतात

डॉक्टर आधी श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहतात. गरजेप्रमाणे ऑक्सिजन, सलाईन देतात. काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिनची इंजेक्शने चालतात, काहींवर चालत नाहीत. म्हणून बाटली महत्त्वाची. नळी घालून पोट धुणे प्रत्येकाला लागत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. तेव्हा पोरगं उठून बसलं, बोलाय लागलं, एवढ्यावर घरी आणू नका.

पोलीस केसची भीती

‘केस होईल, पोरीचं लग्न जमायचं नाही’ या धास्तीने माणसे गावातच उपचार करीत बसतात आणि मोलाची वेळ जाते. पोलिसांना कळविण्याचे काम दवाखाना करतो. पण त्यासाठी तातडीचा उपचार थांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते व तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम ठेवलेलेच नाही.

निम्मा उपचार इथून पुढे

सलाईन निघाले म्हणजे काम संपले, असे समजू नका. एकदा असे केलेल्या मुलाला पुन्हा धोका जास्त असतो, आणि घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात. म्हणून सुटी घेण्यापूर्वी ‘मानसोपचार डॉक्टरांना दाखवा’ असे आपण होऊन सांगा. तिथे सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा आणि पुढच्या भेटीची तारीख घेऊनच निघा. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलू इच्छितील. आईबापांनी राग न मानता बाहेर थांबावे. मरणाचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते.

घरी आल्यावर ‘आमची अब्रू घालवलीस’ असे बोलू नका. शेजेला बसा, ऐका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत फोन ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे; त्यावर मराठीत बोलता येते.

औषध घरात नको

श्रीलंकेत सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळ उतरले. ती घटका टळली आणि हाताशी घातक वस्तू नसली, की पुष्कळ जीव वाचतात. तेव्हा औषध लागेल तेवढेच आणा. उरलेले माजघरात, माळ्यावर ठेवू नका. राहत्या घरापासून दूर कुलपात ठेवा व किल्ली जाणत्या माणसाकडे द्या.

सभासदांना एवढीच विनंती, की तोडणीची तारीख ज्या कॅलेंडरवर लिहिता, त्यावरच १०८ आणि १४४१६ हे दोन आकडे ठळक लिहून ठेवा. फडावर आलेल्या तोडणी कामगारांनाही ते सांगा. लेकरे त्यांच्याही कोपीत आहेत.